मावशीच्या घरातला धूर मी कसा बंद केला

“आधी माझी मिशी परत दे, मग तुझ्या शेगडीचं कौतुक सांग,” रघुवीर म्हणाला आणि त्यानं माझी मानगूट धरली.

मी म्हणालो, मिशी काय मी बंडीत घालून फिरतो? न्हाव्याकडे माग. त्यावर त्यानं मानगूट आणखी आवळली. मग मीही त्याच्या पोटरीवर एक लाथ दिली. मधे धोंडूमामा पडला म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी आणलेल्या बांबूंचा खरंच उपयोग झाला असता.

पण असं मधूनच सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो. खरं तर दमलोय मी सांगून सांगून. लालबागच्या नाक्यापासून चिंचपोकळीपर्यंत जो भेटतो तो खांद्यावर हात टाकून विचारतो, काय रे उत्तम, काका उठला का? आणि दात काढतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहून टाकावं आणि सुटावं. मराठी चार यत्ता झाल्यात माझ्या. पाचवीत पंतोजींनी मला पाटी फेकून मारली, मी ती झेलली आणि परत पाठवली. तिथं माझं शिक्षण संपलं. पण अक्षर बरं आहे.

तर, माझ्या बेतात काही चूक नव्हती. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो.

मी राहतो तुळसामावशीकडे. लालबागेत आमची दुमजली चाळ आहे, तिच्या वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. मावशीची खाणावळ आहे. मालवणाकडचे अठरा गडी दोन वेळा जेवतात, सगळे गिरणीतले. मावशीचा नवरा विठोबाकाका, तोही गिरणीतच. रघुवीर हा काकाचा पुतण्या, अठरांतलाच एक. त्याला अंगापेक्षा मिशी मोठी होती. धोंडूमामा सगळ्यांत जुना गडी. तो जेवला की बाकीचे जेवतात, तो रुसला की बाकीचे रुसतात.

अठरा माणसांचा स्वयंपाक म्हणजे चूल पहाटे पेटायची ती रात्रीच निवायची, आणि तेव्हासुद्धा राखेखाली विस्तव जपून ठेवलेला. लाकडं ओली, खिडकी वीतभर. धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जायचा, उरलेला आमच्यात राहायचा. धूर असा, की जेवायला बसलेला माणूस शेजारच्याच्या ताटातला बांगडा उचलायचा आणि वर म्हणायचा, मला दिसलं नाही. मी स्वतः म्हटलंय.

गडी जेवून हवेवर जायचे. मावशी तिथंच. तिचे डोळे पिकल्या तोंडल्यासारखे लाल. दिवसभर पाणी वाहायचं. भातात खडे यायला लागले, कारण निवडताना तिला दिसेनात. एकदा दारात तांदळाचं पोतं उभं होतं, त्यालाच ती किती वेळ बोलत होती, “धोंडूभाऊ, झालं असेल तर उठा की, दुसऱ्याला बसू दे.” पोतं उठलं नाही. मावशीला राग आला. आम्ही हसलो. मग मीच गप्प झालो, कारण ती पुढे येऊन पोत्याला हात लावून बघत होती.

मी तिला ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पापण्या उलट्या करून बघितल्या आणि सांगितलं, धूर थांबला नाही तर दोन वर्षांत काही दिसायचं नाही. मावशी म्हणाली, डॉक्टरला म्हणावं, तू ये अठरा माणसांचं रांधायला.

आता माझं काम काय, तर गिरणीत बिजलीचं यंत्र आहे, त्याला तेल घालायचं. दिनशा मिस्त्री म्हणून पारशीबाबा आहे, त्याच्या हाताखाली. हजार माणसं त्या यंत्राच्या दिव्यांखाली काम करतात, पण जवळ जाऊन बघितलेत ते मीच. काचेचा एवढासा भोपळा, आत तार लाल होते, बस. धूर नाही, काजळी नाही, वास नाही. फुंकर मारली तर विझत नाही. मी मारून बघितलीय. मिस्त्री सांगत होता, विलायतेत आता बिजलीवर पाणीसुद्धा तापवतात. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात शिरलं, की घरोघर हे आलं तर फुंकणी नको, लाकडं नकोत, कुणाच्या डोळ्यांना पाणी नको, बायका नुसत्या बसून रांधतील.

रात्री जेवताना मी गड्यांना हे सगळं समजावून सांगितलं. धोंडूमामानं भाताचा गोळा गिळला आणि विचारलं, “मग आम्ही काय, तारेला तोंड लावून जेवायचं?” अठरा जण हसले. मला असा संताप आला की मी अर्ध्या ताटावरून उठलो. मावशीनं माझं ताट म्हणून झाकून ठेवलं ते शेजारच्याचं होतं. तिला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला सरळ विचारलं, गिरणीतून आमच्या चाळीपर्यंत एक तार टाकता येईल का. तो इतका हसला की त्याची टोपी पडली. मग माझं तोंड बघून थांबला. म्हणाला, “बिजलीचा चूल तुझा पोरगा बघेल, डिकरा. तवर हे घेऊन जा.” आणि त्याच्या घरची जुनी शेगडी मला दिली.

ही घासलेटची शेगडी. पितळेची, तीन पायांची, पोट सुटलेली, आमच्या मुकादमासारखी. तिला तीन बत्त्या. बत्त्या सारख्या कापल्या तर धुराचं नाव नाही. मावशी तिला हात लावायला तयार नव्हती. मी दोन दिवस तिच्या मागे लागलो, न जेवण्याची धमकी दिली, तिचा काही उपयोग झाला नाही, मग जास्त जेवण्याची दिली. शेवटी ती म्हणाली, एक आयतवार. एकच. गडी सुट्टीवर असतात, उशिरा जेवतात, तेवढ्यात काय तो तुझा हट्ट पुरा कर.

आता त्या आयतवारी सकाळी काय झालं ते नीट ऐका. प्रत्येक गोष्ट मी विचार करून केली होती.

चूल पेटवायची नव्हती. कधी नव्हे ती गार झालीय, तर सारवून तरी घेते, असं म्हणून मावशीनं चूल आणि पुढची जमीन शेणानं स्वच्छ सारवली. शेगडीला वारा लागू नये म्हणून मी दार ओढून घेतलं, बोटभर फट ठेवून. तरी बत्त्या हलत होत्या. सगळ्या खोलीत वारा न लागणारा कोपरा एकच, आणि तिथं विठोबाकाका झोपलेला. शनिवारी त्याची कंबर धरली होती म्हणून तो जमिनीवर सरळ, उताणा पडलेला. काका झोपेत पाय झाडतो. शेगडी लवंडली असती. म्हणून मी चटईसकट त्याला फिरवला, पाय तिकडे आणि डोकं इकडे. तो उठला नाही. काका झोपला की गिरणीचा भोंगासुद्धा हात टेकतो. माश्या बसत होत्या म्हणून मावशीनं धुवट धोतर त्याच्या तोंडावरून ओढलं. मग मी त्याच्या उशाशी शेगडी ठेवली, बत्त्या पेटवल्या आणि खाली मान घालून त्या सारख्या करत बसलो. मावशीला काहीच काम नव्हतं. ती भिंतीला टेकून, कपाळाला हात लावून बसली, डोळ्यांतून नेहमीसारखं पाणी.

नेमकी त्याच वेळी शेजारची रखमाबाई विस्तव मागायला आली.

हे तुम्हाला सांगायला हवं, की आमच्या मजल्यावर सकाळी काडी कुणी ओढत नाही. मावशीची चूल असताना काडी कशाला जाळायची? सगळ्याजणी करवंटी घेऊन येतात, दोन निखारे नेतात, आपली चूल पेटवतात. रखमाबाईनं फटीतून बघितलं. काय बघितलं? चूल गार, सारवलेली. काका जमिनीवर, डोकं उत्तरेला, तोंडावर पांढरं कापड. उशाशी दिवा. मी मान खाली घातलेला. मावशी रडतेय.

ती बाई हाक न मारता मागे फिरली. चांगली बाई आहे. अशा घरात विस्तव मागू नये, एवढं तिला कळतं.

आम्हाला काही पत्ता नाही. तीन बत्त्यांवर अठरा माणसांच्या भाताचा टोप ठेवला, तो तापेचना. मावशी दर थोड्या वेळानं पाण्यात बोट घालायची आणि माझ्याकडे बघायची. शेगडी मात्र घासलेट असं पीत होती, जसा पगाराच्या दिवशी आमचा काका. टोपात पहिला बुडबुडा आला आणि शेगडी विझली. मी डबा घेऊन मागच्या जिन्यानं धावलो. नाक्यावरचं दुकान बंद, म्हणून भायखळ्यापर्यंत जावं लागलं. मावशी पाण्याला म्हणून मागच्या नळावर गेली. खोलीत राहिला काका, एकटा.

टोप तापत होता तेवढ्या वेळातच रखमाबाईकडून सगळ्या मजल्याला कळलं होतं. मजल्यावर विस्तव नव्हताच, म्हणून सगळ्या चुली बंद. एकाही कौलातून धूर नाही. समोरच्या चाळीतल्या लोकांनी बघितलं, सगळा मजला बिनधुराचा, म्हणजे माणूस मोठा गेला. बाया करवंट्या घेऊन समोर विस्तव मागायला गेल्या आणि बातमी देऊन रिकाम्याच आल्या; माणूस उचलेपर्यंत शेजारी चूल पेटवत नाहीत. कुणीतरी पोराला पळवलं भायखळ्याला, काकाच्या बहिणीकडे, शेवंताआत्याकडे. मी घासलेटासाठी जात होतो आणि ती समोरून पदर तोंडाला लावून येत होती. मी तिला राम राम केला, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

परत आलो तो चाळीखाली ही गर्दी! बांबू, कामट्या, पांढरं कापड, मडकं. आमचे गडी ओळीनं उभे, बाजारातून आणलेली मासळीची टोपली कोपऱ्यात झाकून ठेवलेली. मला बघून सगळे बाजूला झाले. एका म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, दुसऱ्यानं माझ्या हातातला डबा काढून घेतला. हळूच म्हणाला, “घासलेट कशाला आणलंस पोरा? लाकडं सांगितलीत.”

मला वाटलं, शेगडी भडकली. मावशी जळली. मी आणलेली शेगडी, मी लावलेल्या बत्त्या, आणि तिला दिसत नव्हतं. कोणाला काही विचारायचं धैर्य नव्हतं मला. जिना कसा चढलो ठाऊक नाही.

खोलीत बाया बसलेल्या, पुढे शेवंताआत्या. ती मोठ्यानं रडत काकाचे गुण सांगत होती. माझा दादा कुणाला कधी वाकडा शब्द बोलला नाही, माझ्या दादाला ह्या घरात कधी पोटभर मिळालं नाही, माझ्या दादानं ताडीचा थेंब तोंडात घेतला नाही. इथं दाराशी उभे असलेले दोन-तीन गडी खोकले. कापडाखाली कोण आहे हे कुणी बघितलं नव्हतं. हात लावला की आंघोळ आली, आणि आयतवारी नळावर केवढी ओळ.

मी कुणाचं ऐकलं नाही. “मावशे” म्हणून ओरडलो आणि कापड ओढलं.

काकानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, “भाकरी झाली?”

बाया किंचाळल्या ती किंकाळी परळच्या नाक्यावर ऐकू गेली म्हणतात. शेवंताआत्या मागच्या मागे बसली. काका उठून बसला, कमरेला हात लावून म्हणाला, “अगो शेवंता, मी जित्तो आसय.” आत्याचा विश्वास बसेना. तिनं त्याला दोनदा चिमटा काढला, दुसरा जरा रागानं. (पुढे काकानं मला एकट्याला सांगितलं, की तो ताडीच्या जरा आधीपासून जागा होता. पण त्याच्याबद्दल कुणी इतकं चांगलं कधी बोललंच नव्हतं, म्हणून म्हटलं ऐकून घेऊ.)

तेवढ्यात मावशी हंडा घेऊन दारात. मी तिला बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मी रडलो असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे, धूर नसला तरी डोळ्यांत काही जाऊ शकतं. मावशी म्हणत होती, नळाला पाणीच उशिरा आलं, पण आज सगळ्यांनी मला पुढे जाऊ दिलं, कशी सुबुद्धी झाली कोण जाणे. एवढं बोलते तोवर मागून आलेल्या एका बाईनं, जिला आतलं काही ठाऊक नव्हतं, रीतीप्रमाणे तिच्या बांगड्यांना हात घातला.

“हात सोड,” मावशी म्हणाली. “परवाच भरल्यात.”

आणि मग जिन्यातून रघुवीर आला. काकाला मूल नाही, त्यामुळे सगळं करायचं ते पुतण्यानं. आयतवारी न्हावी चाळीखालीच बसलेला असतो. रघुवीरनं वेळ घालवला नव्हता. डोकं साफ, मिशी साफ, हातात मडकं. नुकत्याच सोललेल्या नारळासारखा दिसत होता. त्यानं बसलेल्या काकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग शेगडीकडे. मडकं त्यानं सावकाश खाली ठेवलं. तिथपासूनचं तुम्हाला माहीत आहे.

भांडण तिथं मिटलं असतं तर मी हे हसत लिहिलं असतं. पण दुपार झाली होती. टोपात अर्धे कच्चे तांदूळ, मजल्यावर एकाही घरी जेवण नाही, आणि अठरा गडी उपाशी. समोरच्या चाळीतल्या राधाबाईची खाणावळ आहे. तिनं निरोप धाडला, दुःखाच्या घरी शिजत नसतं, गड्यांनी माझ्याकडे यावं. दुःख नाही हे कळल्यावरही निरोप तिनं मागे घेतला नाही. आठ गडी गेले. दहा उरले आणि ते धोंडूमामाच्या तोंडाकडे बघत होते.

धोंडूमामा म्हणाला, तिरडी दाराशी आली तशी मोकळी जाते कुठे, हा अपशकुन आहे. ज्या घरातून धूर निघत नाही तिथं आम्ही जेवणार नाही. गावाकडे आमच्या माणसांना कळलं तर काय म्हणतील? उद्यापासून चूल पेटली पाहिजे, नाहीतर आम्हीही समोर.

मी म्हणालो, मग मावशीच्या डोळ्यांचं काय? धोंडूमामा म्हणाला, सगळ्यांच्या आयांनी चुलीपुढेच जन्म काढलाय. मी म्हणालो, आणि तुझी आई शेवटी भिंत चाचपत चालायची, ते तूच सांगितलंस ना? हे मी बोलायला नको होतं. त्यानं हात उचलला. मीही तिथलाच एक बांबू उचलला.

“पुरे,” मावशी म्हणाली.

ती खाली बसली होती, मांडीवर सूप. राहिलेले तांदूळ निवडत होती. तिनं बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून वर केलं. “भाऊ, खडा आहे हा. आज दिसला मला.”

आम्ही सगळे त्या खड्याकडे बघत उभे राहिलो. एवढासा होता, तिळाएवढा. सकाळपासून धूर नव्हता तर डोळ्यांचं पाणी थांबलं होतं तिच्या.

“गडी गेले तर मी खाणार काय,” ती म्हणाली, “म्हणून तुम्ही सांगाल तर पेटवते चूल. पण हे विचारते, की मला दिसेनासं झालं मग रांधायचं कुणी?”

धोंडूमामानं तिच्या हातातला खडा घेतला, बघितला, दाराबाहेर टाकला. मग माझ्या हातातला बांबू काढून घेऊन तो गॅलरीत टेकवला. तो आणि त्याचा जोडीदार बांबू अजून तिथंच आहेत. मावशी त्यांवर लुगडी वाळत घालते. काका रोज त्यांच्याकडे बघत कामावर जातो.

मग तोड निघाली. कालवण-भाकरी आत, शेगडीवर, मावशीनं करायची. भाताचा टोप आणि चूल बाहेर, गॅलरीच्या टोकाला. मजल्याला विस्तव तिथूनच. आणि धूर झाला पाहिजे, सकाळ-संध्याकाळ, रस्त्यावरून दिसेल असा, म्हणजे लोकांना कळेल की घरात सगळे जिते आहेत. आता चूल बाहेर, मावशी आत, तर चुलीपुढे बसायचं कुणी? सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. रघुवीर तर हसला, त्या दिवशी पहिल्यांदा.

आठातले सात गडी महिन्याभरात परत आले. राधाबाईच्या भातातही खडे आहेत म्हणे.

पहाटे भोंग्याच्या आधी उठून मी चुलीपुढे बसतो. लाकडं सुकी निघाली आणि धूर कमी झाला, तर खालून कुणीतरी हाक मारतं, कोण गेलं रे? म्हणून मी नारळाची सोडणं भिजवून ठेवतो आणि मधेमधे टाकतो. मिस्त्रीनं परवा माझी पापणी उलटी करून बघितली आणि नुसती मान हलवली. मावशीला मात्र आता सगळं दिसतं. मी तळलेल्या मोरी माशाचा तुकडा उचलला ते दिसतं, मान धुतली नाही ते दिसतं, गॅलरीच्या कोपऱ्यात बिडी ओढली ते तर आतून दिसतं. पूर्वी बरं होतं असं मी म्हणत नाही. पण जरा कमी दिसलं असतं तर...

आली मावशीची हाक. धूर नीट होत नाही म्हणतेय. जातो मी आता.